यूएसआर-लोकलची फेरबांधणी: ग्रंथालयाच्या सर्व्हरच्या नोंदी, ऑगस्ट-सप्टेंबर २०२४

१० ऑगस्ट २०२४, शनिवार

या वेळी आधी वही घातली, मग कामाला हात. २०१९ साली डेबियन (यंत्रावरची लिनक्स प्रणाली) १० वर जाताना आणि २०२१ साली ११ वर जाताना मी हेच सगळं केलं होतं. दोन्ही वेळा रात्र जागलो, आणि नेमकं काय केलं त्याचा एक कागदही शिल्लक नाही.

यंत्र म्हणजे तालुक्याच्या गावातल्या 'अ' वर्ग ग्रंथालयाच्या माळ्यावरचा जुना डेस्कटॉप. आठ जीबी मेमरी, एक इन्व्हर्टर, पंख्यावर धुळीचा थर. त्यावर पुस्तकांची यादी, सभासद आणि देवघेव चालते. रात्री जुन्या मासिकांची स्कॅन केलेली पानं ओसीआरमधून (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं) जातात. डेबियन ११ ची नेहमीची सुरक्षा मुदत १४ ऑगस्टला संपते. त्यापुढे एलटीएसचा, म्हणजे वाढीव मुदतीचा, आधार आहे, पण १५ तारखेला ग्रंथालय बंद असतं, तेव्हा तोच मुहूर्त धरला.

डेबियनच्या पॅकेजांची मला काळजी नाही. एखादी लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती कोडची फाइल) बदलली की तिच्यावर बसलेली पॅकेजं ते लोक स्वतः पुन्हा बांधतात. पॅकेजच्या आवृत्तीमागे '+बी१' असं शेपूट दिसलं की समजावं, मूळ कोड तोच, बांधणी नवी. काळजी आहे ती /यूएसआर/लोकल या फोल्डरची. तिथे जे आहे ते मी हाताने कंपाइल केलेलं, म्हणजे मूळ कोडातून बांधलेलं, आणि ॲप्टच्या (डेबियनची पॅकेजं सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) लेखी ते अस्तित्वातच नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे, ओसीआर करणारं टेसरॅक्ट आहे, 'अनुक्रम' नावाचा माझा एक छोटा सी प्रोग्रॅम आहे. आणखी काय आहे ते आज तपासायला हवं होतं. तपासलं नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदनानंतर जिलेबी खाऊन माळ्यावर. आधी सगळ्याचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला. सोर्स यादीत बुलसआयच्या (डेबियन ११) जागी बुकवर्म (१२) घातलं. फर्मवेअरसाठी १२ मध्ये वेगळा विभाग झालाय, तोही जोडला. आधी साधं अपग्रेड, मग पूर्ण अपग्रेड. दुपारी साडेतीनला रीबूट.

सगळं चालू! पोस्टग्रेस उठलं, यादी उघडली, टेसरॅक्टने एक पान वाचून दाखवलं. मागच्या दोन्ही खेपांना त्याच रात्री कंपाइल करत बसलो होतो. या वेळी गरजच पडली नाही असं वाटून सहाला घरी.

१७ ऑगस्ट, शनिवार

डिस्कवर जागा कमी म्हणून ऑटोरिमूव्ह चालवलं. ज्यांच्यावर आता कुठलंच पॅकेज अवलंबून नाही अशी शंभरेक पॅकेजं त्याने मोजून दाखवली. यादीवर नजर टाकली, लिबआयसीयू ६७ (भाषांच्या अक्षरक्रमाची लायब्ररी) दिसलं, लिबएसएसएल १.१ (सुरक्षित जोडणीची) दिसलं, लिबटिफ ५ (टिफ चित्रांची) दिसलं. "जुनीच तर आहेत," म्हणून वाय दाबलं.

गुरुवारी सगळं का चाललं ते हे वाय दाबल्यावर लक्षात यायला हवं होतं. अपग्रेड करताना नव्या लायब्रऱ्या येतात, पण जुन्या लगेच जात नाहीत, शेजारीशेजारी नांदतात. माझे प्रोग्रॅम त्या जुन्यांवरच उभे होते. ॲप्टने विचारलं की यांना कोणी वापरतं का, आणि ज्यांना वापर होता ते ॲप्टच्या दप्तरात नव्हते.

रात्री ११ ला ओसीआरचं काम सुरू झालं आणि पहिल्याच पानाला पडलं: लिबटिफ.एसओ.५ सापडत नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

प्रोग्रॅममध्ये लायब्ररी भरलेली नसते, तिचं नाव लिहिलेलं असतं. लग्नाच्या याद्यांत 'पाण्याचे पिंप: मांडववाल्याकडून' एवढंच लिहितात तसं. कार्याच्या दिवशी मांडववाला पिंपं आणतो. लिनक्सवर हा मांडववाला म्हणजे एलडी.एसओ. प्रोग्रॅम सुरू होताना तो यादी वाचतो आणि ठरलेल्या फोल्डरांमधून त्या नावाची फाइल शोधून आणतो. नावातला शेवटचा आकडा महत्त्वाचा. लायब्ररी लिहिणाऱ्यांनी तो वाढवला की समजायचं, जुन्या ग्राहकांशी केलेला करार मोडला, नव्याने बांधून घ्या. लिबटिफ ४.५ च्या वेळी हा आकडा ५ चा ६ झाला. मजा अशी की लिबटिफची स्वतःची आवृत्ती ४.५ आणि करारनाम्याचा आकडा ६. यावरून दर वेळी कोणीतरी गोंधळतंच.

एलडीडी (प्रोग्रॅमला कोणत्या लायब्रऱ्या लागतात ते दाखवणारी आज्ञा) चालवून पाहिलं. सुरू होताना लोडर पहिल्याच न सापडलेल्या नावाला हात टेकतो, एलडीडी मात्र सगळी नावं दाखवतं. लिबटिफ ५ गायब आणि लिबवेबपी ६ पण गायब (आता ७ आहे). दोन्ही लेप्टोनिकाला लागतात. टेसरॅक्ट चित्रं उघडण्याचं काम लेप्टोनिकावर सोपवतं.

म्हणजे लेप्टोनिका बांधायचं. सोर्स होता. मात्र डेव्ह पॅकेजं (बांधणीला लागणाऱ्या फाइलींची) मीच कधीतरी जागेसाठी उडवली होती. आठवतील तशी परत टाकली. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. मग टेसरॅक्ट. दुपारभर पंखा गरगरत होता. संध्याकाळी एका पीएनजी पानावर चाचणी घेतली, अक्षरं बरोबर आली. घरी.

२० ऑगस्ट, मंगळवार

दोन गोष्टी एकदम झाल्या.

एक. काल रात्री ओसीआरच्या कामात एकही पान वाचलं गेलं नाही. लॉगमध्ये प्रत्येक पानासमोर लेप्टोनिकाचा एकच शेरा, की हे फंक्शन हजर नाही. आमची सगळी स्कॅन टिफमध्ये आहेत. परवा आठवून टाकलेल्या डेव्ह पॅकेजांत लिबटिफचंच राहिलं होतं. लेप्टोनिकाच्या कॉन्फिगरने ते शोधलं, मिळालं नाही, शेकडो ओळींच्या मध्ये एक 'नो' लिहिलं आणि पुढे गेलं. टिफच्या जागी पोकळ फंक्शनं बसवली. बांधणी यशस्वी, चाचणी यशस्वी, आणि ज्या कामासाठी बांधलं तेवढंच येत नाही. मी चाचणी पीएनजीवर घेतली, कारण तेवढीच फाइल हाताशी होती. टेसरॅक्टला आवृत्ती विचारली तर ते खाली लेप्टोनिका कशाकशाबरोबर बांधलंय ते छापतं: लिबजेपेग, लिबपीएनजी, झेडलिब. त्यात लिबटिफ नाही हे तिथेच दिसलं असतं.

दोन. काल राखीपौर्णिमा. रात्री वीज गेली, इन्व्हर्टरने दोन तास तग धरला आणि मान टाकली. सकाळी दहाला ग्रंथपाल बाईंचा फोन, यादी उघडत नाही. पोस्टग्रेस उठायला तयार नव्हतं. लिबएसएसएल.एसओ.१.१ सापडत नाही.

शनिवारी पुसलेल्या लायब्ररीवर पोस्टग्रेस सोमवारी रात्रीपर्यंत कसं चाललं? फाइल पुसली म्हणजे तिचं नाव पुसलं. आतला मजकूर जोवर एखाद्या चालू प्रक्रियेने धरून ठेवलाय तोवर डिस्कवर राहतो. पोस्टग्रेस नव्या ग्राहकासाठी स्वतःचीच प्रत काढतं, नव्याने फाइल वाचत नाही, म्हणून नवीन जोडण्याही बिनबोभाट होत होत्या. प्रॉकमधल्या मॅप्समध्ये (चालू प्रक्रियेने धरलेल्या फाइलींची यादी) बघितलं असतं तर लायब्ररीच्या नावापुढे 'डिलीटेड' असं स्पष्ट लिहिलेलं दिसलं असतं. खुर्ची गेलेला पाहुणा: बसलाय तोवर ठीक, उठला की पुन्हा बसायला जागा नाही.

बहीण राखीसाठी आली होती, भाचा तिच्याबरोबर. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला घेऊन गेलो. वाटेत कार्यवाहांचा फोन आला.

"काय झालंय?"

"जुनी लायब्ररी उडाली, तिच्यावर सगळं उभं होतं."

"उडाली म्हणजे? अहो, दीडशे माणसं रोज येतात तिथे!"

तेव्हापासून इमारतीला ग्रंथालय आणि फाइलला लायब्ररी असं कटाक्षाने म्हणतो.

माळ्यावर भाच्याने लगेच उपाय सांगितला. "मामा, नवीन ३ आहे ना? तिला १.१ नावाची सिमलिंक दे. फक्त नावच तर बदलायचंय."

"कर."

केलं. लोडर म्हणाला, लायब्ररी मिळाली, पण हिच्यात ओपनएसएसएल १.१.० ची म्हणून नोंदलेली फंक्शनं नाहीत. प्रत्येक फंक्शनवर ते कोणत्या पिढीचं आहे याचा शिक्का असतो, नाव बदलून शिक्का बदलत नाही. भाच्याने हार मानली नाही. माझ्या 'अनुक्रम'ला फक्त आयसीयू लागतं, त्यावर तोच प्रयोग केला, ७२ ला ६७ चं नाव दिलं. आयसीयूवाले आणखी कडक आहेत, फंक्शनच्या नावातच आकडा गोवतात. माझा प्रोग्रॅम यूकॉल-ओपन-६७ शोधत होता आणि नव्या लायब्ररीत यूकॉल-ओपन-७२ होतं. 'हे नाव कुठेच नाही' म्हणून थांबला.

"टिफवर चाललं असतं कदाचित," तो म्हणाला.

चाललं असतं कदाचित, आणि तीच भीती. एका फंक्शनचा एक आर्ग्युमेंट सरकला असता तरी पानं उघडली असती, फक्त काहीतरी भलत्याच रात्री कोसळलं असतं. आयसीयूचा नकार परवडला. दोन्ही सिमलिंक काढल्या आणि मी त्याला चहा आणायला पाठवलं.

तातडीचा इलाज साधा होता. डेबियन ११ च्या साठ्यातून लिबआयसीयू ६७ आणि लिबएसएसएल १.१ ची पॅकेजं उतरवून टाकली. नावात आकडा असल्याने ती नव्यांच्या शेजारी सुखाने बसतात, भांडत नाहीत. पावणेबाराला देवघेव सुरू. हा टेकू आहे. ओपनएसएसएल १.१.१ ची मूळ प्रकल्पाकडची मुदत सप्टेंबर २०२३ मध्येच संपलीये, तेव्हा हा टेकू कायमचा ठेवायचा नाही.

२१ ऑगस्ट, बुधवार

जे १० तारखेला करायचं ते आज केलं. /यूएसआर/लोकलमधली प्रत्येक एल्फ (कंपाइल केलेली) फाइल घेऊन रीडएल्फने तिची 'नीडेड' यादी काढणारी दहा ओळींची स्क्रिप्ट. एलडीडी मुद्दाम टाळलं. काही वेळा ते प्रोग्रॅम खरोखर चालवून पाहतं, आणि मुख्य प्रोग्रॅम चालता चालता जे प्लगइन ओढून घेतो ते त्यात येत नाहीत. फाइलनिहाय यादीत पोस्टग्रेसचे सगळे जोडतुकडेसुद्धा आले.

गमतीची सापडलेली वस्तू: /यूएसआर/लोकल/लिबमध्ये लिबकर्ल (नेटवरून फाइली उतरवणाऱ्या कर्लची लायब्ररी). कशासाठी बांधली होती देव जाणे. डेबियनमध्ये लोडर /यूएसआर/लोकल/लिब आधी पाहतो आणि मग /यूएसआर/लिब, त्यामुळे सिस्टमचं स्वतःचं कर्लसुद्धा इतकी वर्षं माझी शिळी लायब्ररी उचलत होतं. टर्मिनलवर 'हिच्यात आवृत्तीची माहिती नाही' असा इशारा कित्येकदा येत होता, आणि मी तो कित्येकदा वाचून सोडून दिला होता. शनिवार ते मंगळवार कर्ल पूर्ण मेलेलं होतं, कळलंही नाही. ॲप्टला ते लागत नाही म्हणून निभावलं. लिबकर्ल काढली, एलडीकॉन्फिग चालवलं, इशारा गेला. ही फेरबांधणी नव्हे, अंत्यविधी.

पायथनचे व्हेन्व्ह (पॅकेजांचे वेगळे कप्पे): पायथन ३.९ चं ३.११ झालं, आतली पॅकेजं सापडेनात. पुसून नव्याने केले. वीस मिनिटं.

२२ ऑगस्ट, गुरुवार

टिफचं डेव्ह पॅकेज टाकून लेप्टोनिका बांधायला घेतलं. या वेळी कॉन्फिगरला 'लिबटिफ हवंच' असं बजावलं, म्हणजे नसेल तर ते पुढे न सरकता थांबतं. बांधून होईपर्यंत डेबियन १२ मध्ये टेसरॅक्ट कितवं आहे ते सहज पाहिलं. ५.३.

२०२२ मध्ये मी हाताने का बांधलं होतं? कारण डेबियन ११ मध्ये ४.१ होतं आणि मला ५ हवं होतं. ते कारण १५ ऑगस्टलाच संपलं होतं. रविवारची दुपार, सोमवारची वाया गेलेली रात्र आणि आजची संध्याकाळ अशा गोष्टीवर घालवली जी एका ॲप्ट इन्स्टॉलने मिळत होती. मेक अनइन्स्टॉल. डेबियनचं टेसरॅक्ट टाकलं, आमचा शिकवलेला मराठी डेटा नव्या फोल्डरात नेला, स्क्रिप्टमधला जुना पत्ता काढला. खिळ्यांच्या छपाईतलं 'ऱ्य' ते पूर्वीइतकंच चुकवतं, म्हणजे डेटा नीट पोचला.

२४ ऑगस्ट, शनिवार

पोस्टग्रेस. खरं काम इथे होतं.

हे हाताने का बांधलं त्याला मात्र कारण होतं. २०१८ साली यंत्रावर डेबियन ९ होतं, त्यात पोस्टग्रेस ९.६. आमची नावांची यादी छापली की 'ज्ञ'ची पुस्तकं 'ज'मध्ये पडायची, 'क्ष'ची 'क'मध्ये, आणि 'ळ' हा 'ल'च्या मागे उभा. युनिकोडमध्ये ळ खरंच ल च्या लगेच पुढे आहे, आणि क्ष, ज्ञ यांना स्वतःचा क्रमांक नाही, ती जोडाक्षरं. ग्रंथपाल बाईंनी ती यादी परत पाठवली होती. "ह ळ क्ष ज्ञ. पहिलीच्या पोरालाही येतं," असं वर लिहून. आयसीयूला मराठीचा हा क्रम ठाऊक आहे, आणि आयसीयूचा क्रम वापरायची सोय पोस्टग्रेसमध्ये १० पासून आली. म्हणून १० बांधलं, पुढे २०२१ मध्ये डेटा पीजी-अपग्रेडने १३ वर नेला.

कोणते पर्याय देऊन बांधलं होतं ते आठवत नव्हतं, पण पोस्टग्रेस स्वतः लक्षात ठेवतं: पीजी-कॉन्फिगला विचारलं की कॉन्फिगरची मूळ ओळ जशीच्या तशी सांगतं. टेसरॅक्टच्या बाबतीत कॉन्फिग.लॉगच्या डोक्यावर तीच माहिती होती. माझ्या कुठल्याही वहीपेक्षा या दोन जागा भरवशाच्या निघाल्या.

१३ मालिकेतली सर्वांत ताजी किरकोळ आवृत्ती उतरवली, वेगळ्या फोल्डरात बांधली, चाचण्या चालवल्या. ग्रंथालय दुपारी बंद झाल्यावर जुनं थांबवून नवं त्याच डेटावर उठवलं. मुख्य आवृत्ती तीच असल्याने डेटा तसाच चालतो.

अपेक्षित इशारा आला: मराठी क्रम ज्या आयसीयूने लावला होता तिची आवृत्ती वेगळी, आता वेगळी आहे. इंडेक्स म्हणजे क्रमाने लावलेली कार्डं. क्रमाचा नियम बदलला आणि कार्डं जुन्याच नियमाने राहिली तर शोधणारा चुकीच्या खणात हात घालतो. म्हणून पुस्तकांच्या नावांचे इंडेक्स रीइंडेक्स केले आणि मग नवी आवृत्ती नोंदवली. हे २०१९ ला आणि २०२१ लाही केलं होतं, इशारा आला म्हणून.

मग पोस्टग्रेसच्या कॉन्ट्रिबमधलं ॲमचेक (इंडेक्स तपासणारं साधन) हाताशी होतंच, म्हटलं सगळ्याच इंडेक्सांवरून फिरवू. नावांचे स्वच्छ. लेखकांचे स्वच्छ. दाखल क्रमांकाचा इंडेक्स: क्रमाचा नियम मोडलेला आहे.

दाखल क्रमांकाचा? तो तर साधा मजकूर, '३-१२७' असा. त्याला मराठी क्रम लावलेलाच नाही. तो डेटाबेसच्या मूळ क्रमावर, म्हणजे जीलिबसीच्या (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीच्या) क्रमावर आहे.

२५ ऑगस्ट, रविवार

झोप नीट लागली नाही. सकाळी समजलं.

जीलिबसी २.२८ मध्ये, २०१८ साली, अक्षरक्रमाचे नियम मुळापासून बदलले. सगळ्यात सोपं उदाहरण: आधी '११' हे '१-१'च्या अगोदर यायचं, २.२८ पासून '१-१' हे '११'च्या अगोदर येतं. आमचे सगळे दाखल क्रमांक म्हणजे विभाग, आडवी रेघ, आकडा. डेबियन ९ मध्ये जीलिबसी २.२४ होती, १० मध्ये २.२८. म्हणजे २०१९ च्या त्या रात्री, मी आयसीयूच्या इशाऱ्यांना मान देऊन नावांचे इंडेक्स नीट करत होतो तेव्हाच, खालून जीलिबसीने दाखल क्रमांकांचा क्रम पालटला होता. डेटाबेसच्या मूळ क्रमाची आवृत्ती नोंदवून इशारा द्यायची पद्धत पोस्टग्रेसमध्ये १५ ला आली. त्यामुळे कोणीच काही बोललं नाही. पीजी-अपग्रेड इंडेक्सच्या फाइली आहेत तशा उचलतं, तेव्हा मोडका इंडेक्स १० मधून १३ मध्ये आला. पाच वर्षं.

नावातला आकडा बदललेल्या लिबटिफने पहिल्या पानाला आरडाओरडा केला. जीलिबसीचा आकडा कित्येक वर्षं ६ च आहे, फंक्शनं सगळी जागेवर, करार शब्दाने पाळलेला. बदललं ते वागणं, आणि ते लोडरच्या यादीत नसतं.

रीइंडेक्स चालवलं. नकार: एकमेव असायला हवेत असे क्रमांक दोनदा आहेत. सतरा जोड्या.

ग्रंथपाल बाईंना फोन केला. रविवार असूनही उचलला. विचारलं, असं कधी झालंय का, की पुस्तक यादीत दिसतं पण क्रमांक टाकून शोधलं तर सापडत नाही?

"झालंय का काय विचारता! माझ्याकडे वही आहे त्याची."

२६ ऑगस्ट, सोमवार

वही दोनशे पानी, कव्हरवर गणपती. पहिली नोंद सप्टेंबर २०१९. पुढे क्रमांक, पुस्तकाचं नाव आणि शेरा: 'कॉम्प्युटरमध्ये सापडत नाही, हाताने दिले', 'सापडत नाही, परत नोंदवले'. हे 'परत नोंदवले' म्हणजेच माझ्या सतरा जोड्या. पुस्तक समोर हातात आहे, यंत्र म्हणतं नाही, तर त्यांनी नव्याने नोंद केली. एकच क्रमांक दोनदा घेऊ नये हे पाहण्याचं काम ज्या इंडेक्सचं, तोच चुकीच्या खणात पाहत होता, म्हणून त्याने खुशाल घेऊ दिलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. दिवाळीच्या सुमारास. तुम्ही म्हणालात, टाइप करताना स्पेस पडली असेल."

म्हणालो असेन.

'अनुक्रम'सुद्धा आजच बांधला. ट्रू नावाची गोष्ट ठाऊक नाही म्हणून कंपायलर अडला. आयसीयूने ६८ पासून ट्रू आणि फॉल्स ही स्वतःची मॅक्रो देणं बंद केलंय. एक फ्लॅग देऊन ती परत मिळवता येतात, पण चार ठिकाणी तर बदलायचं होतं, बदललं. आता फक्त हाच एक प्रोग्रॅम माझ्या हातचा राहावा अशी इच्छा आहे.

३१ ऑगस्ट, शनिवार

सतरा जोड्या एक करणं म्हणजे दोनपैकी एक ओळ पुसणं नव्हे. काही देवघेवी जुन्या नोंदीला चिकटलेल्या, काही नव्या. एका पुस्तकाची एक नोंद म्हणते घरी गेलंय, दुसरी म्हणते कपाटात आहे. दाखल रजिस्टर, वही आणि पडदा असं तिघांना समोर ठेवून आम्ही दोघं चार संध्याकाळी बसलो. बाई वाचायच्या, मी क्वेरी लिहायची, लागू करण्याआधी त्यांना वाचून दाखवायची. दोन सभासदांना कधीतरी उगाच दंड लागला होता असं त्यात निघालं. एकूण अठरा रुपये. बाईंनी पाकिटात घालून नावं लिहून ठेवले.

रीइंडेक्स पूर्ण. ॲमचेक सगळीकडे शांत.

७ सप्टेंबर, शनिवार, गणेश चतुर्थी

घरची आरती करून दुपारी दोनला माळ्यावर. ग्रंथालय बंद. डेबियनचं पोस्टग्रेस १५ टाकलं. ते आयसीयूसकटच येतं, तेव्हा हाताने बांधायचं २०१८ चं कारण खरं तर केव्हाच संपलंय. पीजी-अपग्रेड मुद्दाम नको. पूर्ण डंप घेतला आणि नव्यात भरला, म्हणजे प्रत्येक इंडेक्स आजच्या लायब्रऱ्यांच्या क्रमाने नव्याने बांधला गेला. मूळ क्रमाची आवृत्तीही आता नोंदली जाते. दाखल क्रमांकाच्या रकान्याला 'सी' क्रम लावला. तो बाइटमागून बाइट जातो, त्याला कुठल्याही देशाच्या अक्षरक्रमाशी देणंघेणं नाही. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

जुनं पोस्टग्रेस थांबवलं, महिनाभर तसंच ठेवणार.

१४ सप्टेंबर, शनिवार

लिबआयसीयू ६७ आणि लिबएसएसएल १.१ काढली. काढण्याआधी स्क्रिप्ट पुन्हा फिरवली: बंद पडलेलं पोस्टग्रेस १३ सोडून कोणालाही ती नको आहेत. काढल्यावर चालू प्रक्रियांचे मॅप्स पाहिले, 'डिलीटेड' कुठे नाही. तरी रीबूट केलं, आणि एकदा इन्व्हर्टरसकट सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. उठलं.

खाली बाई वही घेऊन क्रमांक एकेक टाकून पाहत होत्या. सापडला की पेन्सिलीने फुली. साडेपाचपर्यंत सगळी वही झाली, एक सोडून. २-४०६. यादीत आहे, शोधातही नीट येतं, एकच नोंद, घरी गेलेलं नाही. दोघांनी कपाट पाहिलं, वरचं पाहिलं, खालचं पाहिलं. पुस्तक नाही.